ओळखीची वही
(नभोवाणीवरील भाषण)

'गिऱ्हाईक' हा शब्द 'ग्राहक' ह्या संस्कृत शब्दापासून आलेला आहे, हें कोणाहि शाळामास्तरास ठाऊक असतें. परंतु ह्या दोन शब्दांच्या अर्थांत मराठी माणसानें जें अंतर पाडून ठेविलें आहे, तें कोशांत पाहून कळणारें नाहीं. ग्राहक हा कायद्यांत असतो, जाहिरातींत असतो, सभेंतल्या भाषणांत असतो. गिऱ्हाईक हें दुकानाच्या पायरीवर उभें असतें. त्याचें नांव दुकानदारास ठाऊक असतें; त्याच्या घरीं किती माणसें जेवतात, त्याला तांदूळ जुना लागतो कीं नवा, महिनाअखेरीस त्याची ओढाताण कितपत होते, हें सारें ठाऊक असतें. ह्या माहितीची नोंद जिच्यांत होई ती उधारीची वही वाण्याच्या गल्ल्याशेजारीं असे, आणि माझ्या मतें तीच त्या दुकानाचें खरें भांडवल होती. माल कोठूनहि आणतां येई. ओळख बाजारांतून आणतां येत नसे.

मुंबईच्या उपनगरांत, म्हणजे अंधेरी, बोरिवली, मुलुंड, घाटकोपर ह्या भागांत, ह्या वहीचें पुढें काय झालें, ती भिंतीवर कशी गेली, फोनमध्यें कशी शिरली आणि अखेरीस सात समुद्रांपलीकडच्या एका कंपनीच्या यंत्रांत कशी जाऊन बसली, ह्याचा थोडासा इतिहास आज सांगावयाचा आहे. आजच्या भाषेंत ह्या विषयास 'समाजमाध्यमें आणि लहान धंदा' असें म्हणतात. नांव नवें आहे. त्यामागची खटपट मात्र शंभर-सव्वाशें वर्षांची आहे. दुकानदारास आपल्या गिऱ्हाइकाशीं, तें दुकानांत नसतांनाहि, बोलावयाचें असतें. प्रश्न एवढाच कीं, बोलावें कशावरून, आणि त्यानें उत्तर दिल्यास तें ऐकावें कसें.

घाटकोपरापासूनच आरंभ करूं. १८५३ सालीं बोरीबंदराहून ठाण्यास आगगाडी धांवूं लागली, तरी त्यानंतर कित्येक वर्षें घाटकोपर हें मुंबई शहराच्या हद्दीबाहेरचें खेडेंच होतें. ह्या खेड्यांत १८९४ च्या सुमारास चित्रकार राजा रविवर्मा ह्यानें आपला शिळाछाप छापखाना चालविला. यंत्रें जर्मनींतून आणलीं, तीं चालविण्यास जर्मन कारागीर आणले, आणि राजवाड्यांच्या भिंतींवर शोभणारीं तैलचित्रें चाळींतल्या खोलींतहि लागावीं अशा किंमतींत रंगीत छापण्यास प्रारंभ केला. शकुंतलेच्या जन्माचें चित्र हें त्या छापखान्यांतून बाहेर पडलेलें पहिलें. छापखाना पुढें लोणावळ्याजवळ मळवलीस गेला आणि फ्रिट्झ श्लायखर नांवाच्या जर्मन तंत्रज्ञाच्या मालकीचा झाला. परंतु घाटकोपरास जें सुरू झालें तें थांबलें नाहीं. लक्ष्मी आणि सरस्वती घरोघरीं जाऊन बसल्या, आणि व्यापारी मंडळींच्या चतुर डोळ्यांना एक गोष्ट दिसली, ती ही कीं, देवाचें चित्र कोणी फाडून टाकीत नाहीं. त्याच्या तळाशीं दुकानाचें नांव छापलें तर तें नांवहि वर्षभर भिंतीवर राहील. त्याखालीं तारखांची पाठकोळी जोडली म्हणजे तर गृहिणी दिवसांतून दोनदां त्या नांवाकडे पाहील. एकदां एकादशी पाहण्यासाठीं आणि एकदां दुधाचा खाडा मांडण्यासाठीं.

दिवाळीच्या सुमारास नेहमीच्या गिऱ्हाइकास कॅलेंडर देण्याची चाल अशी रूढ झाली. १९७३ सालीं जयंतराव साळगांवकरांचें 'कालनिर्णय' निघालें, तेव्हां कॅलेंडर पैसे देऊन विकत घेण्याची संवय मराठी घरांस लागली; तरीहि दुकानदाराकडून मिळालेलें एक दुसऱ्या भिंतीवर असेच. पानसुपारीचें आमंत्रण, गणेशोत्सवाच्या स्मरणिकेंत 'एक हितचिंतक' म्हणून दिलेली पाव पानाची जाहिरात, लग्नसराईंत वाटलेल्या नांवाच्या कापडी पिशव्या, हीं सारीं ह्याच जातीचीं साधनें. त्यांत दुकानदार बोलतो आणि गिऱ्हाईक पाहतें. गिऱ्हाइकास कांहीं सांगावयाचें असेल तर त्यानें पायरीवर यावें.

उलट बोलणें ऐकणारें साधन मराठी मुलखांत जेथें निपजलें तें ठिकाण मुंबई नव्हे, पुणेंहि नव्हे. त्याची हकीकत जरा विस्तारानें सांगितली पाहिजे, कारण आज मुलुंडची एखादी भगिनी उकडीच्या मोदकांचीं चित्रें फोनवर पाठविते तेव्हां ती जें करूं पाहते, तेंच त्या माणसांनीं केलें होतें, आणि पुष्कळ अधिक विचारानें केलें होतें.

लक्ष्मणराव किर्लोस्करांनीं १८८८ सालीं बेळगांवांत सायकलींचें दुकान काढलें. पुढें कडबा कापण्याचीं यंत्रें केलीं, आणि मग लोखंडी नांगर केला. नांगर चांगला होता. अडचण निराळीच होती. लोखंडी नांगरानें जमीन विषारी होते असा समज शेतकऱ्यांत होता, आणि समजुतीपुढें यंत्राचें कांहीं चालत नाहीं. १९१० सालीं औंध संस्थानांत, कुंडलच्या माळरानावर, म्हणजे आजच्या सांगली जिल्ह्यांत, त्यांनीं कारखाना व वसाहत वसविली, तीच किर्लोस्करवाडी. आतां विचार करा. माल असा कीं गिऱ्हाइकास तो नको आहे. गिऱ्हाईक असें कीं तें शेंकडों खेड्यांत विखुरलेलें आहे. आणि दुकानाची पायरी अशी कीं जवळपास शहर नाहीं. ओळखीवांचून हा धंदा एक दिवसहि चालला नसता, आणि ओळख करून घेण्यास गिऱ्हाईक समोर येत नव्हतें.

१९२० सालीं ह्या कारखान्यानें 'किर्लोस्कर खबर' हें नियतकालिक काढलें. लक्ष्मणरावांचे पुतणे शंकरराव हे त्याचे संपादक. हा गृहस्थ हाडाचा चित्रकार. लेखणी आणि कुंचला दोन्ही चालविणारा, आणि जाहिरातीचें काम पत्करलेला. उद्देश साधा होता. कारखान्याच्या मालाची माहिती गिऱ्हाइकांस आणि अडत्यांस व्हावी. अशीं पत्रें परदेशांतहि निघत होतीं. अमेरिकेंतील जॉन डीअर ह्या नांगर करणाऱ्या कंपनीनें १८९५ पासून शेतकऱ्यांसाठीं 'द फरो' नांवाचें नियतकालिक चालविलें होतें, आणि फ्रान्सांत मोटारींच्या धांवा करणाऱ्या मिशेलिन बंधूंनीं १९०० सालीं प्रवाशांसाठीं मार्गदर्शिका काढली होती. दोन्ही आजहि चालू आहेत. तेव्हां कल्पना अगदींच अपूर्व नव्हती.

अपूर्व होतें तें पुढचें. नांगर काय दर महिन्यास घ्यावयाची वस्तु नव्हे. एकदां घेतलेला नांगर वर्षानुवर्षें टिकतो, आणि टिकला नाहीं तर ती जाहिरात उलटीच व्हावयाची. मग दर महिन्यास त्या शेतकऱ्याशीं बोलावयाचें काय? आमचा नांगर चांगला, आमचा नांगर फार चांगला, असें किती वेळां सांगावें? शंकररावांनीं ह्याचें जें उत्तर काढलें त्यांत त्यांची सारी बुद्धिमत्ता आहे. त्यांनीं नांगराविषयीं बोलणें कमी केलें. उद्योग करून पुढें आलेल्या माणसांच्या हकीकती, आरोग्य, घरसंसार, कथा, विनोद, व्यंगचित्रें, रूढींवर टीका, असा मजकूर वाढत गेला आणि कारखान्याची खबर आकसत गेली. १९२९ सालीं तर मासिकानें नांवांतून 'खबर' हा शब्दच गाळला आणि तें नुसतें 'किर्लोस्कर' झालें. १९३० सालीं त्यास 'स्त्री' ही बहीण मिळाली आणि १९३४ सालीं 'मनोहर' हा भाऊ. जाहिरातीच्या पोटीं जन्मलेल्या ह्या तीन मासिकांनीं मराठी मध्यमवर्गाच्या दोन पिढ्यांचीं डोकीं घडविलीं. सावरकरांचे विज्ञाननिष्ठेवरचे निबंध 'किर्लोस्कर'मधून आले. त्यावर वाद झाले. स्त्रियांच्या शिक्षणाविषयीं व स्वातंत्र्याविषयीं 'स्त्री'नें जी बाजू घेतली ती सर्वांस रुचणारी नव्हती.

कोणी म्हणेल कीं, ह्यानें नांगर विकले गेले काय? सरळ हिशोब मांडतां येणार नाहीं, आणि मांडूंहि नये. परंतु ज्या घरांत दर महिन्यास किर्लोस्करवाडीहून टपाल येई त्या घरांत 'किर्लोस्कर' हें नांव परकें राहिलें नाहीं. वाचक संपादकास पत्रें लिहीत आणि कारखान्याला त्यांतून मुलूख कळे. गिऱ्हाइकाचा आतां वर्गणीदार झाला होता, म्हणजे ज्या ओळखीसाठीं एरव्हीं दुकानदार पैसे खर्च करतो तिच्यासाठीं तो आपण होऊन पैसे देत होता. हा चमत्कार आजच्या कोणत्याहि समाजमाध्यमावर कोणा लहान दुकानदारास साधलेला माझ्या तरी पाहण्यांत नाहीं.

आणखी एक गोष्ट इथें नोंदून ठेवूं, कारण पुढें तिचा उपयोग व्हावयाचा आहे. छापखाना किर्लोस्करवाडीस होता. कागद त्यांनीं घेतलेला होता. वर्गणीदारांच्या नांवांची आणि पत्त्यांची वही त्यांच्या कपाटांत होती. मध्यें फक्त टपालखातें होतें, आणि टपालखातें कोणाचें पत्र कोणास आधीं दाखवावें आणि कोणाचें मागें ठेवावें हें ठरवीत नसे.

आपण ज्या साधनावरून आतां बोलत आहों त्याचीहि हकीकत दोन शब्दांत सांगतों. नभोवाणी एकाच दिशेस जाते. तरीहि १९५२ सालीं रेडिओ सिलोनवरून 'बिनाका गीतमाला' सुरू झाली आणि अमीन सयानी ह्यांनीं 'बहनों और भाइयों' म्हणून हांक मारली, तेव्हां दांत घासण्याच्या एका लुकणाची ती जाहिरात आहे हें विसरून लोकांनीं पत्रांचा पाऊस पाडला. उत्तर देण्याची हौस माणसाला मूळचीच आहे. हांक मात्र गोड पाहिजे.

आतां पुन्हा उपनगरांत येऊं. १९५० सालीं अंधेरी, घाटकोपर हे भाग बृहन्मुंबईंत आले आणि १९५७ सालीं बोरिवली व मुलुंड. गिरगांव-दादरच्या चाळींतून निघालेलीं कुटुंबें ह्या भागांत नव्या सहकारी गृहसंस्थांतून राहावयास आलीं. त्यांच्या सामानांत पाटे-वरवंटे आले, शिवणयंत्रें आलीं. ओळखीचा वाणी तेवढा मागें राहिला. नव्या ठिकाणीं वही कोरी. मुलुंड-घाटकोपराकडचा दुकानदार बहुधा कच्छी किंवा गुजराती, गिऱ्हाईक मराठी, आणि दोघांची समाईक भाषा म्हणजे मुंबईची ती जगप्रसिद्ध हिंदी. हळूहळू ओळख झाली, वही भरली, सामान घरपोंच देणारा पोरगा जिन्याच्या पायऱ्या चढूं लागला. टेलिफोन घरांत यावयास कित्येक वर्षें वाट पाहावी लागे तो काळ. तेव्हां यादी चिठ्ठीवर लिहून पाठवावयाची.

ह्याच उपनगरांत १९७५ सालीं एक उलटा प्रयोग झाला, आणि त्याकडे इतिहासकारांचें व्हावें तितकें लक्ष गेलेलें नाहीं. बिंदुमाधव जोशी ह्यांनीं आदल्या वर्षीं पुण्यांत ग्राहक पंचायतीची चळवळ उभारली होती. त्यांतून मुंबई ग्राहक पंचायत निघाली, आणि तिचें ठाणें पुढें विलेपार्ल्यास, जुहूच्या बाजूस झालें. शेजारपाजारच्या कुटुंबांनीं आपला एक संघ करावयाचा, प्रत्येकानें महिन्याची यादी द्यावयाची, सर्वांची मिळून एकत्र खरेदी व्हावयाची, माल एका सभासदाच्या घरीं उतरावयाचा आणि तेथून वाटप व्हावयाचें. म्हणजे दुकानदारानें गिऱ्हाइकें जोडण्याऐवजीं गिऱ्हाइकांनींच एकमेकांस जोडून घेतलें. वही वाण्याच्या गल्ल्यापासून उचलून त्यांनीं आपल्या बैठकीच्या खोलींत आणली. एका इमारतींतल्या बायका एका यादीभोंवतीं बसतात आणि तूरडाळ यंदा शिजत नाहीं अशी तक्रार तेथल्या तेथें करतात, हें समाजमाध्यमच होतें. फक्त त्यास वीज लागत नव्हती.

मध्यंतरींच्या काळाबद्दल फार सांगण्यासारखें नाहीं. २००२ सालीं पवईस डी-मार्टचें पहिलें दुकान उघडलें आणि पुढें मुलुंड, मालाड, घाटकोपर येथें मॉल आले. तेथें हिशोबनिसाऐवजीं संगणक होता आणि नांव विचारणारी मुलगी होती. परंतु ती नांव विचारी तें लक्षांत ठेवण्यासाठीं नव्हे. कोपऱ्यावरचा दुकानदार ह्यामुळें भ्याला, कांहींनीं दुकानें विकलीं, बरेचजण टिकले. जे टिकले ते उधारीवर आणि घरपोंच सेवेवर, म्हणजे वहीवरच, टिकले.

नंतर फोन आला. फेसबुक १९०४ चें नव्हे, २००४ चें; इन्स्टाग्राम २०१० चें; व्हॉट्सॲप २००९ चें, आणि २०१४ पासून तें फेसबुकच्याच मालकीचें. इन्स्टाग्राम तर त्या कंपनीनें २०१२ सालींच घेतलें होतें. सन मुद्दाम सांगितलें, कारण आपण बोलतों तीन माध्यमांविषयीं आणि मालक एकच असतो, हें पुष्कळांच्या ध्यानांत नसतें. भारतांत ह्यांचा खरा प्रसार झाला तो २०१६ सालीं जिओची सेवा सुरू होऊन फोनवरचें इंटरनेट स्वस्त झाल्यावर. त्याच वर्षीं यूपीआयनें पैसे देण्याघेण्याची सोय केली. २०१८ च्या जानेवारींत व्हॉट्सॲपनें लहान व्यापाऱ्यांसाठीं आपली निराळी आवृत्ति काढली. तींत दुकानाचा पत्ता, वेळा, आणि पुढें मालाची सचित्र यादीहि ठेवण्याची सोय झाली.

ह्या व्हॉट्सॲपमध्यें एक बारीकशी योजना आहे, तिचें मला नेहमीं कौतुक वाटतें. दुकानदारास एकच मजकूर पुष्कळांस धाडावयाचा असेल तर त्यानें एक प्रसारण-यादी करावयाची. अशा यादीस २५६ नांवांची मर्यादा ठेविली गेली, पण तें महत्त्वाचें नव्हे. महत्त्वाचें हें कीं, ज्या गिऱ्हाइकानें आपल्या फोनमध्यें त्या दुकानदाराचा क्रमांक नोंदून ठेविला असेल त्यासच तो मजकूर पोंचतो, इतरांस नाहीं. वाण्याच्या वहींत गिऱ्हाइकाचें नांव असणें पुरेसें नाहीं. गिऱ्हाइकाच्या वहींत वाण्याचें नांव असलें पाहिजे. यंत्र तयार करणाऱ्यांच्या मनांत बहुधा आगंतुक मजकुराचा उपद्रव टाळणें एवढेंच असावें; पण ओळख म्हणजे काय, ह्याची इतकी नेमकी व्याख्या कोणा नीतिशास्त्रज्ञानेंहि केली नसेल.

ह्या सर्वांची परीक्षा झाली ती २०२० सालीं. २५ मार्चपासून देशभर टाळेबंदी झाली. मोठमोठ्या कंपन्यांची घरपोंच सेवा पहिल्या दिवसांत कोलमडली, मॉल बंद झाले, आणि बोरिवली-मुलुंडच्या उंच इमारतींतल्या माणसांना कोपऱ्यावरचा वाणी आठवला. यादी कागदावर लिहून तिचें छायाचित्र त्यास धाडावयाचें. त्यानें सामान फाटकाशीं आणून ठेवावयाचें. पैसे फोनवरून द्यावयाचे. एका गृहसंस्थेच्या गटांत एकाची यादी पाहून दुसऱ्यानें आपली जोडावयाची. ग्राहक पंचायतीच्या संघाचेंच हें रूप, फक्त घाईंत आणि भीतींत उभें राहिलेलें.

त्यांतच आंब्याचा हंगाम आला. रत्नागिरी-सिंधुदुर्गाकडचा हापूस वर्षानुवर्षें दलालांमार्फत वाशीच्या बाजारांत जाई, आणि बागाईतदारास आपला आंबा कोणी खाल्ला हें कधींच कळत नसे. खाणारासहि तो कोणाच्या बागेंतला हें कळत नसे. टाळेबंदीनें ही सांखळी विस्कळित झाली. तेव्हां कित्येक बागाईतदारांनीं मुंबई-पुण्याच्या गृहसंस्थांशीं फोनवरून थेट बोलणें केलें, पेट्यांच्या मागण्या एकत्र घेतल्या आणि टेम्पो भरून माल सरळ फाटकाशीं आणला. हापूसला भौगोलिक चिन्हाचें संरक्षण २०१८ सालींच मिळालें होतें. पण चिन्ह हें कागदावर, आणि पेटीवर 'देवगड' असें कोणीहि छापूं शकतो. झाडाखालीं उभें राहून काढलेलें चलत्‌चित्र आणि पेटींतला डागी आंबा पाहून पाठविलेलें रागाचें पत्र, ह्या दोहोंच्या देवघेवींतून जो विश्वास उपजला तो निराळ्या जातीचा होता. ज्या बागाईतदारांनीं डागी आंब्यांचे पैसे मुकाट्यानें परत केले, त्यांना पुढच्या वर्षीं मागणीसाठीं हिंडावें लागलें नाहीं.

ह्या रागाच्या पत्राविषयीं थोडें बोललें पाहिजे. किर्लोस्करवाडीस आलेलें तक्रारीचें पत्र संपादकाच्या हातीं पडे. तें छापावें कीं खणांत ठेवावें हें त्याच्या मर्जीवर होतें. आज घाटकोपरच्या एखाद्या फराळवाल्या बाईंच्या चकल्या खवट निघाल्या, तर तें दोनशें घरांच्या गटांत रात्रीं साडेदहाला जाहीर होतें, आणि त्या काय उत्तर देतात हें दोनशें घरें जागून पाहतात. पुष्कळ दुकानदार अशा वेळीं भांडतात, किंवा तक्रार करणारास गटांतून काढून टाकतात, किंवा दुसऱ्या दिवशीं सकाळीं गुलाबाच्या फुलाचें चित्र पाठवून कांहीं झालेंच नाहीं असें दाखवितात. हें शेवटचें सर्वांत वाईट. ज्या बाई तेथल्या तेथें, सर्वांसमक्ष, 'तेल बदलावयास हवें होतें, डबा परत पाठवा, दुसरा देतें,' असें लिहितात, त्यांच्याकडे पुढच्या दिवाळीस मागणी वाढते. पायरीवरच्या भांडणांतहि वाणी हेंच शिकला होता. फक्त तेव्हां प्रेक्षक चारच असत.

आणि ती फुलांचीं चित्रें! दर सकाळीं शुभेच्छा, दर सणास शुभेच्छा, मधल्या दिवशीं 'आज दहा टक्के सवलत'. शंकररावांना नांगराविषयीं महिन्यांतून एकदां बोलण्याचाहि संकोच वाटला. आमच्या मंडळींना पापडाविषयीं दिवसांतून तीनदां बोलण्याचा वाटत नाहीं. परिणाम असा होतो कीं गिऱ्हाईक त्या गटाचा आवाज बंद करून ठेवतें. दुकान उघडें आहे, दिवे लागले आहेत, आणि पायरीवर कोणी नाहीं. उलट अंधेरीचा एखादा भाजीवाला 'आज मेथी चांगली नाहीं, उद्यां घ्या' एवढेंच लिहितो, तेव्हां तें सर्वजण वाचतात.

परंतु खरी चिंता ह्याहून निराळी आहे. वही आतां कोणाची, ही ती चिंता होय. २०१८ च्या ज्या जानेवारींत व्हॉट्सॲपनें लहान व्यापाऱ्यांसाठीं दार उघडलें, त्याच जानेवारींत त्याच मालकाच्या फेसबुकनें जाहीर केलें कीं, यापुढें वाचकास आप्तेष्टांचा मजकूर अधिक दाखविला जाईल आणि धंद्यांच्या पानांवरचा कमी. वाचकाच्या दृष्टीनें निर्णय कदाचित् योग्यच असेल. पण ज्यांनीं वर्षानुवर्षें खपून तेथें हजारों अनुयायी जोडले होते त्यांस कळून आलें कीं, ते आपले नव्हतेच. त्यांच्यापर्यंत पोंचावयाचें तर आतां भाडें भरावें. टपालखात्यानें असें कधीं केलें नव्हतें. २०२० च्या २९ जूनला सरकारनें टिकटॉकसह ५९ चिनी साधनांवर बंदी घातली, आणि त्यावर ज्यांनीं ओळख कमाविली होती त्यांची ती एका रात्रींत गेली. बंदीचें कारण राष्ट्रीय सुरक्षेचें होतें, त्यावर माझें कांहीं म्हणणें नाहीं. वही गेली ती गेली. त्यापूर्वीं २०१४ सालीं ऑर्कुट असेंच बंद झालें होतें, आणि त्यावेळीं कोणाचा धंदा त्यावर फारसा नव्हता म्हणून कोणी रडलें नाहीं. २०२१ च्या ४ ऑक्टोबरला रात्रीं नऊनंतर फेसबुक, इन्स्टाग्राम आणि व्हॉट्सॲप तिन्ही एकदम सुमारें सहा तास बंद पडलीं. घटस्थापना तीन दिवसांवर आली होती. ज्या दुकानदारांच्या नवरात्राच्या मागण्या केवळ त्या फोनच्या पोटांत होत्या, त्यांना त्या रात्रीं आपल्या गिऱ्हाइकाचें नांव आठवत होतें, पण पत्ता सांगतां येत नव्हता.

ह्यावर व्हॉट्सॲप टाकून द्या असें मी म्हणणार नाहीं. तें म्हणणें रविवर्म्याचीं चित्रें भिंतीवरून काढा असें म्हणण्यासारखें होईल. किर्लोस्कर मंडळींनींहि टपालखात्याचा उपयोग केला. पण पत्त्यांची वही टपालखात्याच्या स्वाधीन केली नाहीं. उपनगरांत आजहि असे दुकानदार आहेत, विशेषतः घरगुती फराळ करणाऱ्या बाया, ज्या फोनवर आलेली प्रत्येक मागणी रात्रीं एका शंभर पानी वहींत उतरवून ठेवतात: नांव, इमारत, मजला, कोणास तिखट कमी, कोणाकडे मधुमेह. अशी नोंद ठेवतांना आतां विचारून ठेवावी लागेल, कारण दुसऱ्याची व्यक्तिगत माहिती त्याच्या संमतीनें व सांगितलेल्या कामासाठींच वापरावी असें तत्त्व २०२३ च्या कायद्यानें घालून दिलें आहे. जुन्या वाण्यानें कोणाची उधारी किती हें शेजारणीस सांगितलें नाहीं तर त्यामागें कायदा नव्हता, पण सांगणाऱ्या वाण्याकडे दुसऱ्यांदा उधारी कोणी करीत नसे.

आणि कॅलेंडर अजून गेलेलें नाहीं. दिवाळीच्या आधींच्या आठवड्यांत मुलुंडच्या बाजारांत तुम्हीं गेलां, तर सामानाच्या पिशवींत गुंडाळी करून खोंचलेलें तें आजहि मिळतें. लक्ष्मी तीच, तारखा त्याच, तळाशीं दुकानाचें नांव. त्याखालीं मात्र आतां दहा आंकडी क्रमांक असतो, आणि कित्येक ठिकाणीं काळ्या-पांढऱ्या ठिपक्यांचा एक चौकोन. दुकानदार तें हातांत देतांना एवढेंच सांगतो, 'ताई, नंबर फोनमध्यें सेव्ह करून ठेवा, नाहींतर मी पाठविलेलें तुम्हांस पोंचणार नाहीं.'